इतरांच्या रांगेतले चौकोन

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगते, म्हणजे पुढे कुणाला आश्चर्य वाटायला नको. रांजणगावच्या एका कारखान्यात मी कॉम्प्युटर विभागात आहे. आठवडाभर शिरूरला खोली करून राहते आणि शनिवारी संध्याकाळी केडगावला घरी येते. कंपनीची बस न्हावऱ्यापर्यंत सोडते. तिथून पुढे वडापची जीप, आठच्या जागी चौदा माणसं. त्या जीपमधून उतरल्यावर अर्धा तास माझ्याशी कुणी बोलायचं नाही, असा आमच्या घरात नियम आहे. नवनाथ आप्पांना तो माहीत आहे, पण ते तो पाळत नाहीत.

२००७ च्या डिसेंबरातल्या त्या शनिवारी ते आमच्या ओट्यावर येऊन बसलेच होते.

"दीक्षा, पाचशे आलंय."

"पाचशे काय, आप्पा?"

"आपली वेबसाइट उघडली की पाचशे आकडा येतोय. त्याच्या खाली इंग्रजीत दोन वळी. दुसरं काईच न्हाई."

मी पर्स आत भिरकावली आणि चपला न काढता त्यांच्या मागे निघाले. कारण उद्या चार वाजता काय व्हायचं होतं, ते आमच्या सगळ्या वस्तीला माहीत होतं.

आप्पा म्हणजे माझी मैत्रीण करुणा, तिचे वडील. दौंडच्या सिग्नल केबिनमध्ये लिव्हर ओढण्यात त्यांची चौतीस वर्षं गेली. मागच्या वर्षी रिटायर झाले आणि माणसं रिटायर झाल्यावर शेळी घेतात तसा त्यांनी शिरूरहून एक कॉम्प्युटर आणला. करुणा मस्कतला एका दवाखान्यात नर्स आहे. आणि या सगळ्याचं मूळ म्हणजे आप्पांची आई, ताईबाई आजी. वय वर्षं एकोणऐंशी.

ताईबाई त्रेसष्टाव्या वर्षी लिहायला शिकली. विहारात साक्षरतेचा वर्ग निघाला होता, तो खरं तर तरण्या बायकांसाठी. ही जाऊन पुढच्या ओळीत बसली आणि उठेना. वर्ग वर्षभरात बंद पडला, हिचं लिहिणं बंद पडलं नाही. सोळा वर्षांत तिने दोनशेपानी दोन वह्या भरल्या. बाहत्तरच्या दुष्काळात फोडलेली खडी, कुणाच्या शेतात काय खाल्लं, कुणी काय बोललं, छप्पन साली नागपूरला जाऊन धम्म घेतला ते, सगळं. तिची एकच इच्छा होती, की आपण लिहिलेलं करुणाने वाचावं. पण करुणा दोन वर्षांतून एकदा पंधरा दिवस यायची आणि ते पंधरा दिवस पाहुण्यांत आणि बँकेत जायचे. आता तर तिची सहा महिन्यांसाठी ओमानच्या पार आतल्या गावात बदली झाली होती. तिथे नेट नव्हतं. सोमवारी ती निघणार होती. म्हणजे उद्याचा रविवार शेवटचा. तिथले अडीच म्हणजे आपले चार. तेव्हा ती कॉम्प्युटरपुढे बसणार आणि फोनवरून आजीला तिचंच लिहिलेलं वाचून दाखवणार, असं ठरलं होतं.

ईमेलने पाठवलं असतं तर दहा मिनिटांचं काम. मी ते तीन महिन्यांपूर्वीच सांगितलं होतं. पण आप्पा म्हणाले, "ईमेल येकट्या करुणाला. बाकीच्यांनी काय करायचं?" म्हणून वेबसाइट. त्यासाठी आप्पा मराठी टायपिंग शिकले, एका बोटाने पहिली वही टाइप केली, पुण्याच्या एका छोट्या कंपनीकडे सर्व्हरवर जागा घेतली आणि वेबसाइट चालवायचं फुकटचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. ते सर्व्हरवर चढवताना गाडी अडली होती.

मी खुर्चीत बसले. आजी मागे पलंगावर होती, पाय वर घेऊन.

"व्हईल का गं उद्या?" तिने विचारलं.

"होईल आजी. मी आलेय ना."

पाचशे नंबरची चूक मोठी आगाऊ असते. काय बिघडलंय ते सांगत नाही, फक्त बिघडलंय एवढंच सांगते. मी आधी सॉफ्टवेअर पुन्हा चढवलं, तासभर गेला. मग डेटाबेसचा पासवर्ड तपासला. तो बरोबर होता. शेवटी फाईलींच्या परवानग्या उघडल्या आणि कपाळावर हात मारला.

सर्व्हरवरच्या प्रत्येक फाईलीला परवानग्या असतात. त्यांच्या तीन रांगा: मालक, गट आणि इतर. प्रत्येक रांगेत तीन चौकोन: वाचणे, लिहिणे, चालवणे. ज्याला जे करू द्यायचं त्या चौकोनात बरोबरची खूण करायची. इथे नऊच्या नऊ चौकोनांत खुणा होत्या, आणि तशा सगळ्या दोन हजार फाईलींना. आकड्यांत याला सातशे सत्त्याहत्तर म्हणतात. काही चालत नसेल तर सरसकट सातशे सत्त्याहत्तर द्या, असा सल्ला इंटरनेटवर जागोजागी मिळतो. तो देणारे मला एकदा भेटायला हवेत.

आमच्या सर्व्हरला मात्र हे खपत नव्हतं. एकाच मशीनवर शेकडो लोकांच्या वेबसाइटी असतात. ज्या फाईलीत कुणीही येऊन काहीही लिहू शकतं, ती तो चालवतच नाही, सरळ पाचशे दाखवतो. माझ्या मते शहाणा सर्व्हर होता.

मी सगळ्या खुणा नीट लावल्या. मालकाला वाचणं आणि लिहिणं दोन्ही, बाकी सगळ्यांना फक्त वाचणं, आणि फोल्डरमध्ये शिरण्यापुरती चालवायची खूण. इन्स्टॉल सुरू केलं, ते सुरळीत पार पडलं. साडेआठला पडद्यावर पान आलं, वर आजीचं नाव.

"काय झालं व्हतं?" आप्पांनी विचारलं.

"परवानग्या चुकल्या होत्या," मी म्हटलं आणि जेवायला घरी गेले. इथे थांबून त्यांना दोन वाक्यं समजावून सांगायला पाहिजे होती. पण अंगात अजून ती जीप होती.

सकाळी आठ वाजता चहा घेऊन आप्पांकडे गेले. म्हटलं, आता फक्त मजकूर टाकायचा, अकरापर्यंत मोकळे. कॉम्प्युटर चालू केला, वेबसाइट उघडली. पाचशे.

माझं डोकंच फिरलं. कालच्या खुणा पाहिल्या तर परत सगळीकडे सातशे सत्त्याहत्तर. दोन हजार फाईली आपोआप बदलत नाहीत. मी पुण्याच्या कंपनीला फोन लावला आणि रविवारच्या ड्युटीवर असलेल्या त्या बिचाऱ्याला नको नको ते बोलले. तुमच्या सर्व्हरवर कुणाचा वचक नाही का, आमच्या फाईलींशी कोण खेळतंय, इथे म्हातारं माणूस वाट बघत बसलंय, असं सगळं.

"मॅडम, एक मिनिट, लॉगमधल्या नोंदी बघतो," तो म्हणाला. मग म्हणाला, "मॅडम, हे आज सकाळी पाच चाळीसला बदललंय. तुमच्याच लॉगिनवरून. तुमच्याच फोन लाइनवरून."

मी फोन ठेवला आणि आप्पांकडे पाहिलं. आप्पा बशीतला चहा फुंकत होते.

"आप्पा, पहाटे कॉम्प्युटर लावला होता?"

"लावला व्हता की."

"खुणा तुम्ही केल्या?"

"व्हय. तुझ्याकडनं राहिल्या व्हत्या. म्हनलं, पोरगी दमून आलेली, आपुनच करू."

आता मी त्यांना ओरडणार होते. तोंड उघडलंही होतं. पण आप्पांनी बशी खाली ठेवली आणि टेबलावरची डायरी माझ्यापुढे सरकवली. त्यात त्यांनी त्या इंग्रजी रांगांचं स्वच्छ अक्षरात मराठी करून ठेवलं होतं. मालक. गट. इतर.

"ह्यो इतर म्हंजी कोण, सांग बरं."

"इतर म्हणजे बाकीचे, आप्पा."

"बाकीचे म्हंजी कोण? मी सांगतो. माझी आई आडावर घागर घेऊन लांब उभी राहायची. कुणीतरी येऊन वरनं पानी वतंल, याची वाट बघत. तवा मालक कोण व्हतं, गट कोण व्हता आन् इतर कोण व्हते, ते मला म्हाईत हाय." त्यांचा आवाज चढला नाही, त्यामुळे जास्तच लागला. "तिच्या वहीत मी कुनाचा चौकोन रिकामा ठेवनार न्हाई. मग ते पाचशे येऊ दे न्हाईतर हजार."

माझा राग असा एकदम उतरलेला मला आवडत नाही, पण उतरला खरा. तीन महिने हा माणूस एका बोटाने टाइप करतोय, पहाटे उठून दोन हजार फाईलींना खुणा करतोय, आणि मी त्याला अडाणी समजत होते. मला स्वतःचीच लाज वाटली.

पलंगावरून आजी म्हणाली, "नवनाथ, ते लिवायचा चौकोन म्हंजी काय रं?"

"म्हंजी कुनालाबी लिवता येनार, आये."

"कशात?"

"तुझ्या वहीत."

"माझ्या वहीत दुसरं कोन लिवनार?" आजीने चष्मा वर केला. "का बरं?"

हीच संधी होती. मी खुर्ची त्यांच्याकडे वळवली.

"आप्पा, केबिनमध्ये असताना तुमचा सिग्नल कोण कोण बघायचं?"

"कोनबी. ड्रायव्हर, गार्ड, फाटकाशी उभी माणसं. शेरडं राखनारा लांबून बघून सांगायचा, गाडी सुटली म्हणून."

"कुणाला मनाई होती?"

"सिग्नल बघायला मनाई कशी आसंल?"

"आणि लिव्हर?"

"लिव्हरला कुनी हात लावला आसता तर..." ते बोलता बोलता थांबले.

"त्यांना लिव्हर ओढू दिला नाही म्हणजे तुम्ही त्यांना कमी लेखलं का?"

"न्हाई. गाड्या येकमेकीवर गेल्या आसत्या."

"मग इथंही तेच. वाचायचा चौकोन सगळ्यांना. मालक, गट, इतर, सगळ्यांना सारखा. लिहायचा फक्त ज्याचं लिखाण आहे त्याला. उद्या कुणी टवाळाने येऊन आजीच्या पानावर घाण लिहिली तर चालेल तुम्हाला?"

आप्पांनी डायरी जवळ ओढली, त्या तीन शब्दांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "इतरांपुढं वाचायची खूण हाय का पर?"

"आहे. ती नसेल तर वेबसाइट कुणालाच दिसणार नाही. सगळं त्याच खुणेवर चालतं."

"बस मग," ते म्हणाले. "सरक, मी करतो."

आणि त्यांनीच केलं. एकेक फोल्डर उघडून, माझ्याकडे न बघता. प्रत्येक वेळी इतरांच्या रांगेत वाचायच्या चौकोनावर आधी बोट नेऊन खूण आहे ना, ते बघत होते. सव्वादहाला पान परत उघडलं. नंतर आप्पांनी टाइप केलेली वही आम्ही प्रकरणं पाडून पानांवर टाकत बसलो. दुपारी माझ्या आईने सगळ्यांसाठी भाकरी आणि वांग्याची भाजी पाठवली. ऊन छान पडलं होतं, आजी ओट्यावर जाऊन केस वाळवून आली, नवं लुगडं नेसली. मला फार दिवसांनी इतकं बरं वाटत होतं. कारखान्यात मी दिवसाला दहा मशीनं दुरुस्त करते, पण त्यासाठी कुणी नवं लुगडं नेसत नाही.

चार वाजता माझा मोबाइल वाजला. घरचा फोन इंटरनेटला जोडलेला होता. मी मोबाइलचा स्पीकर लावून तो आजीच्या मांडीवर ठेवला. आप्पा उंबऱ्यावर बसले. शेजारच्या चार बायका आत आल्या.

"आजी, दिसलं," करुणा म्हणाली. "तुझं नाव दिसलं. वर फोटो हाय तुझा."

"वाच," आजी म्हणाली.

करुणाने दुष्काळ वाचला. खडी फोडण्याचं वाचलं, मुकादमाने हजेरीतून नाव कापलं आणि आजी त्याच्यापुढे जाऊन कशी बसली, ते वाचलं. आजी मान हलवत होती. बायका मधूनच "व्हय, तसंच व्हतं" म्हणत होत्या. करुणा मध्ये एकदोनदा थांबून पाणी प्यायली. मी खिडकीशी उभी राहून ऐकत होते आणि मला वाटलं, झालं, काम फत्ते.

मग तिने नागपूर काढलं. "'छप्पन सालच्या दसऱ्याला मी मालकांबरोबर नागपूरला गेले. दौंडला गाडीत बसलो, मनमाडला बदलली...'"

"थांब," आजी म्हणाली.

"काय झालं, आजी?"

"हे मी न्हाई लिवलं."

आजी उठली, फळीवरची पहिली वही काढली, बोटाला थुंकी लावून पान उघडलं आणि वही माझ्या हातात दिली. तिचं मोठं, तिरकं अक्षर. मी वाचलं आणि आप्पांकडे बघितलं. आप्पा बाहेर रस्त्याकडे बघत होते.

"नवनाथ," आजी म्हणाली, "तुझा बाप माझ्यासंगं आला व्हता का?"

आप्पांनी मान हलवली, नाही म्हणून.

"मग?"

"लोक वाचत्याल, आये," आप्पा म्हणाले. एकसष्ट वर्षांचा माणूस, पण आवाज शाळेत उभं केलेल्या पोरासारखा झाला होता. "म्हनत्याल, म्हाळू न्हाई गेला. सगळी वस्ती गेली आन् म्हाळू घरी राहिला. मला वाटलं, एक शब्द बदलला तर काय व्हतंय. आबाचं नाव राहंल."

"आन् म्होरचं का काढलंस?"

"ते मग जुळंना."

आजी रागावेल असं मला वाटलं. ती रागावली नाही. तिने मला कॉम्प्युटरपुढे बसवलं आणि शेजारी स्टुलावर बसून पडद्याकडे बोट केलं. "दीक्षा, हितं लिवता येतंय ना? मी सांगते तसं लिव. वही बघून."

मी पान उघडलं. आप्पांचं वाक्य पुसलं आणि वहीत होतं ते टाइप केलं, तिच्या नजरेखाली, एकही शब्द न बदलता. मग करुणाला म्हटलं, "परत उघड ते पान."

मस्कतमध्ये थोडा वेळ गेला. मग तिने वाचलं.

"'छप्पन सालच्या दसऱ्याला मी नागपूरला गेले. मालक आलं न्हाईत. शेरडं कोन बघंल म्हनलं. मी आक्काबाईसंगं गेले, न इचारता. पाच दिसांनी दौंडात उतरले तर मालक टेशनाभायेर उभं. संगट शेरडं. दोन दिस झालं उभं व्हतं, गाडी कवा येनार म्हाईत न्हाई म्हनून. मला काई बोललं न्हाईत. माझं गठुडं घेतलं आन् म्हनलं, घरातलं देव मी काढून ठिवलेत, तू सांग कुठं सोडायचं.'"

करुणा पुढे वाचेना.

"आजी, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं," ती म्हणाली.

"लिवलं व्हतं की," आजी म्हणाली.

आप्पा उंबऱ्यावरून उठले, आत आले आणि पडद्याजवळ वाकून ते स्वतः वाचू लागले. त्यांनीच तीन महिन्यांपूर्वी वहीतून वाचून गाळलेलं होतं ते, पण असे वाचत होते की जणू पहिल्यांदाच बघतायत. दोनदा वाचलं. डोळे पुसले, ते लपवलं नाही. "शेरडं घेऊन," एवढंच म्हणाले.

करुणाने निवडलेली पानं वाचून संपवली तेव्हा तास उलटून गेला होता. सोमवारी सकाळी सातला तिची गाडी होती. आजीने तिला थंडीचं पांघरूण घेऊन जायला सांगितलं, जणू ती पाटसला निघाली होती.

फोन बंद झाल्यावर आजी माझ्याकडे वळली.

"आता ह्यात कुनाला लिवता येतं?"

"मालकाला, आजी."

"मालक कोन?"

"पासवर्ड ज्याच्याकडे आहे तो. सध्या आप्पांकडे आहे."

आजीने लेकाकडे पाहिलं. आप्पांनी खिशातून पासवर्ड लिहिलेला कागद काढून आईच्या हातावर ठेवला. न मागता.

"ह्यो बदल," ती मला म्हणाली. "नवा मी सांगते. तुझ्या कानात."

तिने सांगितला, मी बदलला. पुण्याच्या कंपनीकडच्या खात्याचाही बदलला. आजीने तो वहीच्या शेवटच्या पानावर स्वतःच्या हाताने लिहून ठेवला आणि वही उशीखाली घातली.

"म्हंजी आता मी कशात?" आप्पांनी विचारलं.

"इतरांत," मी म्हटलं.

मला वाटलं होतं, त्यांना लागेल. पण ते खुर्ची ओढून पडद्यापुढे बसले, चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून वाचायला लागले. "वाचाय येतंय की," ते म्हणाले. मग मी चहा टाकायला आत गेले.